'सामाजिकदृष्ट्या अयोग्य' : अरब सुधारणांवरचा एक शेरा

अरब देशांत लोकशाही सुधारणा पुढे सरकत आहेत की ठप्प झाल्या आहेत, हा प्रश्न २०११ पासून इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर देण्याची एक ठराविक रीतच पडून गेली आहे. निवडणुका किती झाल्या, घटना किती वेळा बदलली, कोणता अध्यक्ष पळाला आणि कोणता सेनापती त्याच्या जागी बसला, याची मोजदाद करायची आणि शेवटी मान हलवून म्हणायचे की, गाडे पुन्हा रुतले. ही मोजदाद खोटी आहे असे मी म्हणत नाही. इजिप्तमध्ये ११ फेब्रुवारी २०११ रोजी मुबारक गेले आणि ३ जुलै २०१३ रोजी लष्कर परत आले. ट्युनिशियाने २०१४ साली केलेली घटना २०२२ साली एका माणसाने बाजूला सारली. सुदानमध्ये २०१९ च्या जनआंदोलनाने बशीर यांना घालवले, २०२१ च्या ऑक्टोबरात सेनापतींनी सत्ता गिळली आणि एप्रिल २०२३ पासून तेच सेनापती एकमेकांवर तोफा डागू लागले. कुवेतच्या अमिरांनी मे २०२४ मध्ये संसद विसर्जित करून घटनेची काही कलमेच स्थगित केली. मोरोक्कोच्या राजाने २०११ साली नवी घटना दिली, पण ती त्याने दिली, लोकांनी केली नाही. आणि दिलेली वस्तू देणाऱ्याच्याच मुठीत राहते.

परंतु ही सगळी मोजणी वरून केलेली आहे. राजवाडा, संसद, लष्करी मुख्यालय आणि मोठा चौक एवढ्या चार जागांवर उभे राहून समाज पाहिला की जे दिसते तेच या मोजणीत दिसते. तळाच्या माणसाने ही गोष्ट कशी मोजावी? माझ्यापुरते मी एक माप घेतो. ते इजिप्तच्या सरकारी कागदावरचेच आहे.

२००३ साली कैरो विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकलेल्या एका तरुणाने व्यापारी प्रतिनिधींच्या सरकारी सेवेसाठी अर्ज केला. तो खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. परीक्षेत उत्तम ठरला. निकाल लागला तेव्हा त्याच्या नावापुढे शेरा होता : 'सामाजिकदृष्ट्या अयोग्य.' त्याने नाईल नदीत उडी घेऊन जीव दिला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. शेरा मात्र नीट वाचावा. विद्वत्तेत कमी नाही, चारित्र्यात डाग नाही, गुन्हा नाही. बाप चुकला एवढेच. हा शेरा वाचून आपल्या वाचकाला भाषांतराची गरज पडू नये.

याच्या आदल्याच वर्षी अला अल अस्वानी यांची 'याकुबियान इमारत' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिचा जगभर गौरव झाला, २००६ साली तिच्यावर मोठा चित्रपट निघाला, आणि क्रांतीपूर्व इजिप्त समजून घ्यायचा तर ही कादंबरी वाचा असे सांगण्याची पद्धत पडली. कैरोच्या जुन्या श्रीमंत वस्तीतली एक इमारत. मजल्यांवर बडे लोक, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोल्यांत गरीब. इमारतीच्या दारवानाचा मुलगा ताहा. त्याला पोलीस अधिकारी व्हायचे असते. गुण आहेत, शरीर आहे, जिद्द आहे. मुलाखतीत बापाचा धंदा विचारला जातो आणि सगळे तेथेच संपते. पुढे तो धर्मांध संघटनेत जातो, पोलीस त्याला पकडून त्याची विटंबना करतात, आणि सूड घेताना तो मरतो.

ताहाच्या मुलाखतीचा प्रसंग या कादंबरीतला सर्वांत खरा प्रसंग आहे, हे मान्य करून पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. लेखक कोणत्या मजल्यावर उभा आहे? झकी बे हा जुन्या उमरावाचा विलासी म्हातारा. त्याच्या आठवणींतल्या १९५२ पूर्वीच्या कैरोवर लेखकाचा जीव जडलेला आहे. त्या काळी रस्ते स्वच्छ होते, लोक सभ्य होते, मद्य उत्तम मिळत होते! ते रस्ते झाडत कोण होते, हे झकी बे याला आठवत नाही आणि लेखकही त्याला आठवण करून देत नाही. गावाहून येऊन बूटपॉलिश करणारा हज्ज अझाम वर चढतो तो मादक पदार्थांचा पैसा घेऊन आणि खासदारकी विकत घेऊन. अबस्खरून आणि मलाक ही भावंडे वर सरकू पाहतात तीही कपटाने. म्हणजे या इमारतीत खालचा माणूस एक तर लबाड होऊन वर येतो किंवा ताहासारखा मरतो. कादंबरीचा शेवट कशाने होतो? ताहाची जुनी प्रेयसी, गच्चीवरची बुसैना, हिचे झकी बेशी लग्न लागते. वरच्या मजल्याने खालच्या मजल्याची मुलगी प्रेमाने स्वीकारली, वाजंत्री वाजली, पुस्तक मिटले. मुलाखतीची खोली जशीच्या तशी राहिली.

हा केवळ कलेतला दोष मी मानत नाही. अस्वानी मुबारकविरोधी आंदोलनात होते, धीट माणूस आहेत; २०११ च्या आंदोलनावरची त्यांची पुढची कादंबरी इजिप्तमध्ये बंदीत राहिली आणि लष्कराच्या बाजूने त्यांच्यावर खटला भरला गेला. परंतु २०१३ च्या जुलैमध्ये लष्कराने निवडून आलेल्या मोर्सींना उचलले तेव्हा उदारमतवादी मंडळींपैकी अनेकांनी त्याला मान्यता दिली आणि त्यांत अस्वानीही होते. मोर्सींचा कारभार वाईट होता याबद्दल दुमत नाही. पण ज्या वर्गाला १९५२ पूर्वीची सभ्यता आठवून उमाळे येतात, त्याला तळातून आलेल्या गर्दीची भीतीही वाटते. ती मूलतत्त्ववाद्यांच्या मागे जाते म्हणून वाटते, आणि ती गर्दी आहे म्हणूनही वाटते. सहाच आठवड्यांनी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी, रब्बा चौकात एका दिवसात किमान ८१७ माणसे मारली गेली असे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मोजले. त्यानंतर या मंडळींना बोलायला जागाच उरली नाही.

आता शेऱ्याकडे परत येऊ. क्रांती झाली, 'भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय' या घोषणेने तहरीर चौक दणाणला, अध्यक्ष बदलले, दोन घटना झाल्या. जानेवारी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या घटनेचे ५३ वे कलम वाचण्यासारखे आहे. धर्म, लिंग, वंश, वर्ण यांबरोबरच सामाजिक स्तरावरूनही भेदभाव करता येणार नाही, भेदभाव हा गुन्हा आहे, आणि तो नाहीसा करण्यासाठी स्वतंत्र आयोग कायद्याने उभा राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कागद म्हणून हे कलम जगातल्या कोणत्याही घटनेच्या पंक्तीला बसावे. त्याच वर्षी सरकारी वकिलांच्या पदांवर निवडलेल्या १३८ उमेदवारांना वगळण्यात आले. कारण? त्यांच्या आईबापांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. इजिप्तमध्ये न्यायाधीशपदाची वाट या पदावरून जाते. मुलाने कायद्याची पदवी घ्यायची आणि परीक्षा बापाची घ्यायची!

मे २०१५ मध्ये कायदामंत्री महफूज साबेर यांना दूरचित्रवाणीवर विचारले गेले, कचरा उचलणाऱ्याचा मुलगा न्यायाधीश होऊ शकेल काय? मंत्र्यांनी सांगितले की, न्यायाधीश योग्य वातावरणातून आलेला असावा लागतो. सफाई कामगाराने मुलाला शिकवले हे कौतुकाचे, पण न्यायासनावर तो मुलगा टिकणार नाही. गदारोळ उठला आणि दुसऱ्या दिवशी मंत्र्यांना जावे लागले. येथपर्यंतची हकीकत ऐकून 'सुधारणा पुढे सरकली' असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या जागी आले अहमद अल झिंद. न्यायाधीशांच्या मुलांना न्यायाधीश करण्याची परंपरा चालूच राहील असे ठणकावून सांगण्याबद्दल हे गृहस्थ आधीपासून प्रसिद्ध होते. एका मंत्र्याने लपवायची गोष्ट उघड बोलून टाकली म्हणून तो गेला. ज्याने तिचे समर्थन केले होते तो आला. ५३ व्या कलमातला आयोग दशक उलटले तरी जन्माला आला नव्हता.

कैरोचा कचरा उचलणारे 'झब्बालीन' कोण, हेही सांगितले पाहिजे. वरच्या इजिप्तमधून आलेले गरीब शेतकरी, बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती. शहराचा कचरा घरोघर जाऊन उचलायचा, मुकत्तम डोंगराच्या पायथ्याशी आणून हातांनी निवडायचा, उष्टेखरकटे डुकरांना घालायचे. २००९ साली स्वाइन फ्लूच्या नावाखाली सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारून टाकली. पोटावर पाय आला तो या वस्तीच्या, आणि थोड्याच दिवसांत कैरोच्या रस्त्यांवर कुजणाऱ्या अन्नाचे ढीग साचले. मंत्रीमहाशयांनी उदाहरण शोधताना नेमका हाच माणूस निवडला, हा योगायोग समजायचा काय?

या न्यायव्यवस्थेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. खालच्या माणसाला दारात अडवून जिने आपली प्रतिष्ठा राखली, तिची स्वायत्तता २०१९ च्या घटनादुरुस्तीने काढून घेतली; न्यायमंडळांचे प्रमुख नेमण्याचा अधिकार अध्यक्ष सिसींकडे गेला आणि त्याच दुरुस्तीने त्यांना २०३० पर्यंत राहण्याची वाटही मोकळी झाली. तेव्हा न्यायाधीशांच्या बाजूने कोण रस्त्यावर आले? कोण येणार होते? न्यायासन ज्यांच्या घरचे कधी झालेच नाही, त्यांनी ते वाचवायला छातीवर गोळी का घ्यावी? एक गोष्ट मात्र नोंदली पाहिजे. याच राजवटीत २०२१ साली राज्य परिषदेच्या न्यायपीठांवर ९८ स्त्रियांची नेमणूक झाली. त्याआधी तेथे एकही स्त्री नव्हती. हे पाऊल पुढचे आहे. फक्त त्या ९८ जणींचे बाप काय करीत होते, हा प्रश्न कोणत्याही वर्तमानपत्राने विचारलेला माझ्या पाहण्यात नाही.

येथे एका जुन्या युक्तिवादाचा समाचार घेणे भाग आहे. पाश्चात्त्य पंडित, आणि त्यांचे वाचून बोलणारे आपल्याकडचे पांढरपेशे विद्वान, अरब अपयशाचे कारण त्यांच्या धर्मात आणि संस्कृतीत शोधतात. अरब माणूस लोकशाहीला अजून तयार नाही, म्हणतात. फेब्रुवारी २०११ मध्ये मुबारक यांचे उपाध्यक्ष ओमर सुलेमान यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर हेच सांगितले होते : लोकशाही हवी, पण लोकांत लोकशाहीची संस्कृती येईल तेव्हा. हा तोच शेरा आहे. मुलाखत मंडळ एका तरुणाच्या नावापुढे जो लिहिते, तोच येथे अख्ख्या जनतेच्या कपाळावर लिहिला आहे. आधी लायक व्हा, मग हक्क मागा. आणि लायक झालात की नाही ते आम्ही ठरवू. हे वाक्य आपण कैरोत पहिल्यांदा ऐकत नाही. राज्यकर्ता आपल्या प्रजेला जे म्हणतो, तेच परका पंडित त्या राज्यकर्त्यासह सगळ्यांना म्हणतो, एवढाच काय तो फरक. जनता अयोग्य नव्हती. अठरा दिवस तिने चौक चालवला, जखमींवर उपचार केले, आणि शेवटी झाडूही तिनेच मारला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे दोन धोके सांगितले होते. एक, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ ठेवली तर विषमतेने पिडलेले लोक राजकीय लोकशाहीचा हा डोलाराच उडवून लावतील. दुसरा, कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. हे दोन्ही इशारे एकाच देशात, एकाच रात्री कसे खरे ठरतात हे पाहायचे तर ट्युनिशियाकडे वळावे लागते.

डिसेंबर २०१० मध्ये सिदी बुझिद या आतल्या भागातल्या गावी मोहम्मद बुआझिझी या हातगाडीवाल्याने, पालिकेने माल जप्त केला म्हणून, स्वतःला पेटवून घेतले. जगभरच्या पत्रांनी त्याला 'बेकार पदवीधर' करून टाकले. तो पदवीधर नव्हता. त्याची माध्यमिक शाळाही पुरी झाली नव्हती. भाजी विकणाऱ्याचा अपमान हा पुरेसा अपमान नाही असे सहानुभूती दाखवणाऱ्यांनाही वाटले असावे! १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली पळाले. निवडून आलेल्या घटना समितीने दोन वर्षांहून अधिक काळ भांडून, दोन विरोधी नेत्यांचे खून पचवून, जानेवारी २०१४ मध्ये घटना मंजूर केली. २१६ पैकी २०० मते बाजूने पडली. कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघ आणि वकिलांची संघटना यांनी मिळून वाटाघाटी घडवल्या, त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. हे यश खरे होते.

परंतु किनारपट्टी श्रीमंत आणि आतला प्रदेश उपाशी ही जुनी फाळणी तशीच राहिली. कासेरीन प्रांताने तर सत्यशोधन आयोगापुढे 'आमचा अख्खा प्रांतच अन्यायग्रस्त धरा' असा अर्ज केला. त्याची दखल व्यवस्थेने किती घेतली? २०१७ साली संसदेने बेन अलींच्या काळातल्या भ्रष्ट अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा केला. घटनेने एका वर्षात स्थापायला सांगितलेले घटनात्मक न्यायालय पक्षांच्या वाटणीच्या भांडणात सात वर्षे झाली तरी बसले नाही. मग २५ जुलै २०२१ रोजी घटनाशास्त्राचेच प्राध्यापक असलेल्या अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली तेव्हा लोक रात्री रस्त्यावर येऊन नाचले. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. ज्या संसदेने दहा वर्षांत त्यांच्या ताटात काही वाढले नाही, ती बंद झाल्याचा तो आनंद होता. पुढे काय वाढून ठेवले आहे ते हळूहळू कळले : ५७ न्यायाधीश बडतर्फ, विरोधक तुरुंगात, २०२२ ची घटना एकट्याच्या हातची. डिसेंबर २०२२ च्या संसदीय निवडणुकीत शंभरांतले सुमारे अकराच मतदार फिरकले. नाच थांबला होता. पण उरलेले एकोणनव्वद संसदेसाठी रडलेही नाहीत.

तरीही ट्युनिशियात एक गोष्ट घडली, ती मला त्या घटनेहूनही मोलाची वाटते. तेथे काळे नागरिक आहेत, गुलामांचे वंशज. गुलामगिरी १८४६ सालीच, म्हणजे अमेरिकेच्याही आधी, तेथे कायद्याने संपली. पण जेर्बा बेटावरच्या काही कुटुंबांच्या आडनावात 'अतीग' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या राहिला. अर्थ, 'अमक्याने मुक्त केलेला'. मुक्तीचा दाखला म्हणून मालकाचेच नाव जन्मभर वागवायचे. क्रांतीनंतर या लोकांच्या संघटना उघडपणे उभ्या राहिल्या, सादिया मोस्बाह यांची 'म्नेम्ती' ही त्यांतली एक. २०१४ च्या संसदेत जमिला क्सीक्सी ही काळी स्त्री निवडून आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये वांशिक भेदभावाविरुद्धचा ५० क्रमांकाचा कायदा झाला, अरब जगातला पहिला. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मेदनिनच्या न्यायालयाने ८१ वर्षांच्या एका म्हाताऱ्याच्या नावातून 'अतीग' काढून टाकले. १८४६ पासून मोजले तर १७४ वर्षे लागली. नाव बदलणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी अध्यक्ष सईद यांनी आफ्रिकी स्थलांतरितांच्या झुंडी आणून देशाची लोकसंख्या बदलण्याचा आणि त्याचे अरब-इस्लामी रूप पुसण्याचा कट चालू आहे असे भाषण केले. काळ्या माणसांना घराबाहेर काढले गेले, रस्त्यात मारले गेले. ट्युनिशियाच्याच काळ्या नागरिकांना आपण येथलेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी कागद जवळ बाळगावे लागले. ५० क्रमांकाचा कायदा पुस्तकात होताच. मे २०२४ मध्ये सादिया मोस्बाह यांना अटक झाली.

सुधारणा कोठपर्यंत गेली ते मोजण्याची शेवटची जागा येमेन. तेथे समाजाची उतरंड उघड आहे : वर प्रेषितांच्या वंशाचा दावा करणारे सय्यद, मग काझी, मग टोळीवाले, त्यांच्याखाली न्हावी-खाटीक असे हलके मानलेले धंदे करणारे, आणि सर्वांच्या खाली 'अखदाम', म्हणजे नोकर. काळसर वर्ण, गावाबाहेरची पत्र्या-पुठ्ठ्यांची वस्ती, झाडू आणि मैला यांचे काम, बेटीव्यवहार बंद. कुत्र्याने ताट बाटवले तर धुवा, खादिमाने बाटवले तर फोडा, अशी म्हणच तेथे आहे. इस्लाममध्ये याला आधार नाही. मशिदीत तो रांगेत उभा राहू शकतो. धर्मग्रंथाची संमती नसतानाही समाज अस्पृश्यता किती काटेकोरपणे पाळू शकतो याचा हा पुरावा आहे, आणि धर्म बदलला की काम संपले असे मानणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

या लोकांनी स्वतःसाठी 'मुहम्मशीन' हे नाव पुढे केले. अर्थ, काठावर ढकललेले. ढकलणारा कोणीतरी आहे, हे या नावातच सांगितलेले आहे. २०११ च्या आंदोलनात ते चौकात होते. सफाई कामगारांनी संपही केले. मार्च २०१३ ते जानेवारी २०१४ या काळात साना येथे राष्ट्रीय संवाद परिषद भरली, प्रतिनिधी ५६५. लाखोंच्या घरात असलेल्या या समाजाला त्यांत जागा मिळाली एक. त्या एका खुर्चीवर नुमान अल हुदैफी बसले. परिषदेच्या ठरावांत सरकारी नोकऱ्यांत दहा टक्के जागा या समाजाला देण्याची शिफारस आली. एका माणसाने एवढे काढून घेतले हे थोडे नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी राजधानी घेतली, मार्च २०१५ मध्ये सौदी विमाने आली, आणि ठराव ढिगाऱ्याखाली गेले. वस्त्या उठल्या तेव्हा निर्वासितांच्या छावण्यांतही या लोकांना शेजारी घ्यायला बाकीचे नाखूष होते.

हूथींचे पुढारी सय्यद घराण्यातले. त्यांना लढायला माणसे हवी होती. त्यांनी या समाजाला एक नवे नाव बहाल केले : 'बिलालचे वंशज'. बिलाल म्हणजे प्रेषितांचा काळा सोबती, पहिली बांग देणारा, गुलामीतून सुटलेला. नाव थोर आहे यात शंका नाही. 'हरिजन' हेही थोरच होते. दहा टक्क्यांचा ठराव त्या नावाबरोबर आला नाही. आली ती बंदूक, आणि आघाडीवरची जागा.